परसांतली भट्टी

नेपल्सच्या भट्टींत पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. पण तशी मातीची भट्टी परसांत बांधून वाळावयाची म्हणजे आठवडे लागतात. आमच्या चिरंजीवांची रजा मात्र पंधरा दिवसांचीच होती!

विटांच्या जोत्यावर ओल्या वाळूचा घुमट रचून आम्हीं त्यावर भिजलेलीं वर्तमानपत्रें चिकटविलीं (अग्रलेखांचा इतका सदुपयोग मीं पूर्वीं पाहिला नव्हता!) आणि वर माती, वाळू व गव्हाचा भुसा यांचा चार बोटें जाड थर दिला. तोंडाची उंची घुमटाच्या आंतल्या उंचीच्या सुमारें ६३ टक्के ठेवली. ती अधिक झाली तर उष्णता निसटते, कमी झाली तर विस्तव गुदमरतो. थर आवळून आल्यावर आंतली वाळू उपसली. चिरंजीव लगेच होळी पेटवावयास निघाले. मीं अडविलें, मातींतल्या पाण्याची एकदम वाफ झाली कीं घुमट तडकतो. मग रोज संध्याकाळीं ओंजळभर काटक्यांचा विस्तव, आणि त्यापाशीं आम्ही दोघे. इतके जवळ आम्ही कित्येक वर्षांत बसलों नव्हतों.

मुलगा गेला तेव्हां भट्टी ओलीच होती. पांचव्या आठवड्यांत मीं बाभळीचीं लांकडें पेटविलीं. घुमट आधीं काजळला. मग काजळी जळून मातीचा रंग पुन्हा उमटला. पिझ्झा दोन मिनिटांत फुलला, एका कडेला थोडा करपला. रात्रीं मुलाला लिहिलें, घुमट तडकला नाहीं.