जेजुरीच्या वाटेवरचा लांडगा

सासवड सोडून जेजुरीच्या वाटेला लागले की दोन्ही अंगांना उघडे माळ पसरतात. नवखा प्रवासी विचारतो, इथे पाहायचे ते काय? धनगराला ते सांगावे लागत नाही. वाघर लावून, आत मेंढरे कोंडून तो रात्र जागवतो ती ज्याच्या भयाने, तो लांडगा याच कुसळी गवतात राहतो.

साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३१ साली दख्खनच्या प्राण्यांची यादी छापली, तीत याला ‘पॅलिपिस’, म्हणजे फिकट पायांचा, असे नाव दिले. पुढे पंडितांनी त्याला युरोपातल्या धिप्पाड लांडग्याची पोटजात ठरवले. अंगाने किरकोळ, म्हणून धाकटी पाती! अलीकडे जनुके तपासली, तर निघाले उलटेच. हा जगातल्या लांडग्यांच्या अतिशय जुन्या शाखांपैकी एक. कुत्रा याच्यापासून झाला, हा समजही निकालात निघाला. कुत्र्याचे मूळ लोप पावलेल्या दुसऱ्याच लांडग्यांत आहे.

तरी दोघांना पिले होतात आणि त्यांचा वंशही चालतो, हीच खरी अडचण. पुणे वाढले, उकिरडे वाढले, गावकुत्री माळावर आली. पुण्याजवळ दिसलेले पिवळसर जनावर संकरज असल्याचे २०२३ साली जनुकांवरून सिद्ध झाले. कोंबड्यांच्या शेडमधली मेलेली कोंबडी जिथे टाकतात, तिथे अंधार पडल्यावर दोघेही येतात.