सहा घटका बारा पळे

‘धावणे’ आणि ‘पळणे’ या दोन क्रियापदांचा अर्थ कोश एकमेकांच्या आधारे देतात. भाषेच्या व्यवहारात मात्र दोहोंची प्रतिष्ठा सारखी नाही. संकटात सापडलेला भक्त देवाचा धावा करतो आणि देव धावून येतो. गजेंद्रासाठी विष्णू पळत आला, असे म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. उलट रणातून काढतात तो पळ, कायद्यात शोधतात ती पळवाट आणि भित्रा असतो तो पळपुटा. धावणारा कशाकडे तरी जात असतो, पळणारा कशापासून तरी. वर्तमानपत्रांनी शर्यतीतल्या माणसाला ‘धावपटू’ केले ते हा भेद जाणूनच केले असावे. ‘पळपटू’ असा शब्द आमच्या पाहण्यात नाही. आमच्यासारखे हौशी लोक मात्र पहाटे उठून ‘पळायला’ जातात. घरच्यांच्या मते ते क्रियापद अचूक आहे.

मराठी साहित्यात चालणाऱ्यांना तोटा नाही. वारीचे सारे वाङ्मय पायी चाललेले आहे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ वरसईहून निघून १८५७च्या वणव्यातून चालत जातो आणि चालतच परत येतो. धावणारा माणूस मात्र आमच्या गद्यात अभावानेच भेटतो, आणि भेटला तर त्याच्यामागे पोलीस तरी असतो किंवा कुत्रे तरी. इंग्रजीत ॲलन सिलिटोने १९५९ साली दीर्घ पल्ल्याच्या धावकाचे एकाकीपण कथेचा विषय केले, तेव्हा त्याच्या धावण्याला वर्गसंघर्षाची धार होती. जपानीत हारुकी मुराकामी यांनी २००७ साली धावण्यावर आख्खे पुस्तक लिहिले, तोवर धावणे मध्यमवर्गाची साधना झालेले होते. आपल्याकडे ती साधना आली, पुस्तक यायचे आहे. असो.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी मॅरेथॉनकडे परक्याच्या नजरेने पाहण्याचे वास्तविक कारण नाही, कारण ही शर्यत साहित्याच्याच पोटी जन्मली. हिरोडोटसच्या वृत्तांतातला दूत अथेन्सहून स्पार्टाला, सुमारे २४० किलोमीटर, मदत मागायला जातो. मॅरेथॉनच्या रणांगणावरून विजयाची वार्ता आणून तो कोसळतो, ही कथा प्लुटार्क आणि लूशियन यांच्याकडची, म्हणजे काही शतकांनंतरची. १८७९ साली रॉबर्ट ब्राउनिंगने दोन्ही धावा एकाच कवितेत, एकाच माणसाच्या पायांत बांधल्या. पुढे १८९६च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी ही धाव शर्यत म्हणून सुचवली आणि विजेत्याला रुप्याचा चषक देऊ केला तो मिशेल ब्रेआल यांनी. हे ब्रेआल म्हणजे अर्थविज्ञानाला ‘सेमाँतिक’ हे नाव देणारे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ. एम.ए.च्या वर्गात आम्ही त्यांचे नाव शब्दार्थाच्या संदर्भात घेत आलो. आमच्या दुखऱ्या पोटऱ्यांमागेही तेच गृहस्थ आहेत हे पुष्कळ उशिरा कळले. शब्दाला नवा अर्थ कसा चिकटतो याचे त्यांनीच घडवलेले उदाहरण याहून चांगले सापडायचे नाही: एका गावाचे नाव होते, ते अंतराचे झाले. आणि अंतरही ४२.१९५ किलोमीटर असे ठरले ते १९०८च्या लंडन ऑलिंपिकच्या सोयीने, आणि नियमात बसले १९२१ साली.

त्या अंतराच्या निम्मे पळण्यासाठी आम्ही व आमचे एक स्नेही गेल्या भाद्रपदात शनिवारी साताऱ्यास गेलो. स्नेही भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, वयाने आमच्याहून अकरा वर्षांनी वडील. साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन २०१२पासून भरते; शहरातून निघून समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने काही अंतर जाऊन वळायचे आणि आल्या वाटेने उतरायचे. आम्हांला अडीच तासांच्या आत यायचे होते. दोन वर्षे ते हुकले होते. स्नेह्यांचा हेतू वेगळा होता. गुडघ्यातली गादी झिजली असल्याचे निदान झाले होते आणि डॉक्टरांनी सपाटीवर चालण्यास मुभा ठेवून उतारावरचे धावणे बंद करण्यास सांगितले होते. दोघांच्या वाटाघाटीत ही एक शर्यत मंजूर झाली. त्यानंतर नाही.

शनिवारची दुपार आम्ही संगम माहुलीस घालवली. शर्यतीच्या आदल्या दिवशी पाय वापरू नयेत असा दंडक आहे. स्नेह्यांनी घाटाच्या पायऱ्यांवर बसून तो पाळला. कृष्णा आणि वेण्णा दोन्ही गढूळ वाहत होत्या, तरी त्यांच्या गढूळपणाच्या छटा निराळ्या आहेत असे त्यांनी दाखवले, आणि दाखवल्यावर आम्हांला दिसले. माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. वाघ आल्याची सूचना भुंकून दिली आणि धन्याचे प्राण वाचवले, म्हणून त्याला पालखीचा मान मिळाला असे सांगतात. धावून गेल्याबद्दल पालखी मिळाली ती कुत्र्याला, यावर स्नेही बराच वेळ हसले. मग त्यांनी विषय काढला.

‘‘सर, उद्या तुम्ही माझ्याबरोबर पळायचं नाही.’’

आम्ही काही बोलण्याआधीच ते म्हणाले, ‘‘तुमची अडीच तासांची वेळ हे कारण नाही. तुम्ही सोबत कराल तर मी शेवटचं पळतोय हे मला तुमच्या चेहऱ्यावर वाचत बसावं लागेल. एकवीस किलोमीटर.’’

आम्ही जासुदांचा दाखला दिला. पेशवाईतल्या पत्रांतून जासूदजोडी रवाना केल्याचा उल्लेख येतो. मजकूर एकाच्या हाती देत नसत, दोघे निघत. एक थकला तर दुसऱ्याला सावरायला, असा आमचा युक्तिवाद. स्नेह्यांनी तो उलटा करून परत दिला. ‘‘सावरायला नाही हो. एक बसला तरी पत्र पोचावं म्हणून.’’ यावर उत्तर सुचले नाही, आणि त्यांचे वाचनच अधिक बरोबर आहे असे आजही वाटते.

रविवारी पहाटे पाऊस भुरभुरत होता. सुरुवातीची गर्दी, ध्वनिवर्धकावरचा उत्साह, सेल्फी यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. सगळ्या शर्यती तेवढ्यापुरत्या सारख्या असतात. शहर मात्र निराळे होते. इतक्या पहाटे दारात रांगोळ्या होत्या, गल्लीच्या तोंडाशी ढोल होते, आणि समर्थ मंदिराच्या चढावर एक आजी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर खडीसाखर ठेवत होत्या, त्यांच्यापाशी कुणाचाच नंबर पाहिला जात नव्हता. घाट सुरू झाला की बोलणे थांबते. ढग रस्त्यावर उतरलेले, पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते, आणि कानाला एकच आवाज, शेकडो बुटांचा ओल्या डांबरावरचा. आमचे घड्याळ मनगटावर दर किलोमीटरला कंप पावून हिशेब सांगत होते. या यंत्राविषयी आमचे मन दुभंगलेले आहे. फुरसत म्हणून जे हाती घेतले त्याला आपणच हजेरीपट लावला, हे कळते. पण काढून ठेवले तर पळतो की भटकतो याचा पत्ता लागत नाही. निबंधाला शब्दमर्यादा घालून दिली की विद्यार्थी कुरकुरतात आणि मग बरे लिहितात, तसे काही असेल.

आल्या वाटेने परतायच्या शर्यतीचा एक विशेष आहे. वळून उतरू लागलो की मागचे सगळे समोरून येतात. पुढे गेलेल्याला मागे राहिलेल्यांचे चेहरे पाहावेच लागतात, आणि ते चेहरे दीनवाणे नसतात. चढणाऱ्याला उतरणाऱ्याची फारशी पर्वा नसते. यवतेश्वरच्या वर धुके थोडे फाटले तेव्हा स्नेही दिसले. ते चालत होते. रस्त्याच्या कडेला, जिथे जांभा दगड उघडा पडला आहे तिथे, एका तरुण मुलीला काहीतरी दाखवत होते. दगडावर निळ्या फुलांचा बारीक शिंतोडा होता. सीतेची आसवे असणार. तीनेक आठवडे मिळतात म्हणून ही झाडे पातळ मातीत कशी घाई करतात हे त्यांनी आम्हांलाही अनेकदा सांगितलेले. आम्हांला पाहताच त्यांनी हात उंचावला आणि ओरडले, ‘‘पत्र!’’

आम्ही थांबलो नाही. थांबावेसे वाटले का, असे पुढे एका विद्यार्थिनीने विचारले होते, वाटले. पण थांबणे ही आमची गरज झाली असती, आणि त्या दिवसावर हक्क त्यांचा होता. उतारावर पाय आपोआप पडत जातात. वारीत वेळापूरजवळच्या उतारावर वारकरी ‘धावा’ करतात. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, ही त्यामागची श्रद्धा. कळस आम्हांला दिसत नव्हता. तरी त्या घाटात काही वेळ पळणे संपून धावणे सुरू झाले होते, एवढे नमूद करावेसे वाटते.

आमची वेळ दोन तास अठ्ठेचाळीस सेकंद आणि अठ्ठावीस मिनिटे. पदक गळ्यात पडले, केळे हातात आले, आणि मग आम्ही कमानीजवळच्या दोरीला टेकून उभे राहिलो. अंग गार पडत गेले. वेगवान लोक केव्हाच संपले होते. आता येत होते ते जाड, वयस्क, लंगडणारे, हात धरून आलेली नवरा-बायको, साडी नेसून पळालेल्या बायका. टाळ्या त्यांनाच अधिक पडत होत्या. तीन तास झाले. स्नेही तीन तास चार मिनिटांनी आले, शेवटचे पन्नास पावले धावत, उजवा पाय किंचित ओढत. त्यांच्याबरोबर ती मुलगी होती. तिने त्यांच्यापुढे होऊन रेघ ओलांडण्याचे टाळले, ते त्यांच्या लक्षात आले आणि आवडले नाही.

पाण्याची बाटली संपवून त्यांनी आमची वेळ विचारली व डोळे मिटून हिशेब केला. चोवीस मिनिटांची घटका, चोवीस सेकंदांचे पळ. ‘‘सहा घटका बारा पळे,’’ ते म्हणाले. ‘‘आणि मी सात घटका चाळीस. म्हणजे मला जास्त पळं मिळाली.’’

दुपारी बाजारपेठेत पिठले-भाकरी झाली. कंदी पेढे घेतले, अर्धे तिथेच संपवले. मुक्कामी येऊन दोघेही इतके गाढ झोपलो की चारची एस.टी. चुकली आणि सहाची धरावी लागली. गाडीत त्यांनी गुडघ्यावर ओला टॉवेल गुंडाळला आणि जानेवारीत आम्ही कुठली शर्यत पळणार आहोत ते विचारले. रस्ता कसा आहे, चढ किती, वाटेत नदी लागते का. आम्ही सांगत गेलो. नदी लागते हे कळल्यावर ते म्हणाले, की मग ते आदल्या दिवशी येतील.