पाकिटातली चिठ्ठी

आमच्या पिढीने गडचिरोलीहून जगाला माहिती कळवली ती टपालाने. आजची पिढी कळवते ती प्रकाशाने. आम्ही पाकीट चिकटवण्याआधी तक्ता पुन्हा पुन्हा वाचत असू. आता फाइल आधी जाते आणि चूक मागून सापडते.

१९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला आमचा जिल्हा तेव्हा नवा होता. संशोधन म्हणजे घरोघर भरलेले कागद, कार्बन घालून काढलेल्या प्रती आणि रजिस्टर पोस्टाची पोचपावती. फोन करायचा तर रात्री अकरानंतर, दर पाव झाल्यावर. एसटीडी बूथमध्ये आकडे ओरडून सांगावे लागत आणि बाहेरची सगळी रांग ते ऐकत असे. कुणाचा शोधनिबंध हवा असला तर लेखकाला कार्ड पाठवायचं. कित्येक महिन्यांनी परदेशातून जाड लिफाफा यायचा, निबंधाच्या कोपऱ्यात लेखकाची शाईतली सही असायची. तिकिटं कापून शेजारच्या मुलांना द्यायची.

आता काचेच्या एकाच तंतूतून प्रकाशाचे अनेक रंग धावतात आणि प्रत्येक रंग ही एक स्वतंत्र वाट असते. दोन प्रयोगशाळांना डेटाचा मोठा साठा हलवायचा असेल, तर त्यातली एक वाट काही तासांपुरती त्यांच्या नावे होते आणि काम झालं की मोकळी होते. माजी मालगुजारी तलावाच्या पाटाला पाळी असते, तशीच ही पाळी. युरोपातल्या रेडिओ दुर्बिणींची निरीक्षणं पूर्वी फितींवर भरून पाठवावी लागत. २००४ पासून ती तंतूवरून थेट जुळवता येऊ लागली. आपल्याकडे संशोधन संस्थांना जोडणाऱ्या नॅशनल नॉलेज नेटवर्कला मार्च २०१० मध्ये मंजुरी मिळाली. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतल्या प्रयोगांचा डेटा आज मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पोहोचतो.

जुन्या संथपणाला मी पावित्र्य देणार नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटायचं. बाहेरच्या तज्ज्ञाचा सल्ला पत्राने यायचा, तोवर आजारी मूल हातचं गेलेलं असायचं. ताडोब्यात वनरक्षक वाघाच्या ठशावर काच धरून रेघ ओढत. ती मोजणी भरवशाची नव्हती, आणि २००६ च्या गणनेपासून देशाने ती सोडली हे योग्यच झालं. कॅमेऱ्यात टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघ नेमका ओळखू येतो. पण काच घेऊन ओल्या मातीशी बसलेला माणूस नाल्याकाठचं सगळं वाचायचा: कोण पाण्यावर आलं, कोण घाईत गेलं. ते त्याने सांगितलं तरच कळायचं.

खरी हळहळ मला वाटते ती चिठ्ठीची. तक्त्यांसोबत पाकिटात एक चिठ्ठी असायचीच: यंदा मोहफूल उशिरा पडलं, बायका पहाटेच रानात जातात, म्हणून या गावची हजेरी कमी. हे कुठल्याच रकान्यात बसत नसे, आणि समोरच्या संशोधकाला आकडा उलगडायचा तो त्यानेच. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी आमच्या जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या गावांतल्या ६५० स्त्रियांना तपासलं, ९२ टक्क्यांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले आणि जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. तो आकडा जगाला हलवू शकला, कारण त्यामागे बायकांनी विश्वासाने सांगितलेलं बोलणं होतं.

आज रकाने कितीतरी वाढले आहेत, पण ‘शेरा’ बहुतेकदा रिकामा असतो. चिठ्ठी लिहायला लागणारा वेळ आम्हाला टपालाच्या सुस्तीने आयता दिला होता. आजच्या मुलांना तो मुद्दाम काढावा लागेल. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथली मुलं हे आमच्याहून चांगलं करू शकतील. वाट एवढी रुंद आहे, की माडिया आजीचं म्हणणं तिच्याच भाषेत, तिच्याच आवाजात आकड्यांसोबत जाईल. आमच्या पाकिटात ते कधीच मावलं नसतं.