आई कामावर, बाळ कुणाकडे?

बाई कामाला गेली की घरात चार पैसे येतात, हे सर्वांना दिसते. त्या वेळी तिचे बाळ कुणाच्या मांडीवर असते, हे फारसे कुणी विचारत नाही.

मी नोकरीने कारकून. सुटीच्या दिवशी नाशिकच्या वस्त्यांत व आसपासच्या गावांत फिरते. आमच्या बौद्ध वस्तीतील कितीतरी भगिनी सातपूर, अंबडच्या कारखान्यांत जातात. पहाटे उठून पाणी, स्वयंपाक, डबे आणि मग पाळी गाठायची. मूल सासूकडे. माझी दोन्ही मुले सासूबाईंनीच सांभाळली, म्हणून माझी नोकरी टिकली.

जुन्या नाशकात मुस्लिम भगिनी घरीच शिलाई करतात. मूल जवळ असते. पण पैसे नगावर, मूल रडले की मशीन थांबते आणि मजुरीही.

पेठ, सुरगाण्याच्या आदिवासी माता द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे येतात. सासू गावीच राहते. बाळ झाडाखाली साडीच्या झोळीत, आणि झोका देते आठ-नऊ वर्षांची बहीण. "हिच्या शाळेचं काय?" मी एकीला विचारले. ती म्हणाली, "ताई, ही शाळेत गेली तर बाळाला कोण बघणार?"

धर्म वेगळे, बोली वेगळी. पण आईच्या कामाचा भार बहुधा घरातली दुसरी बाईच उचलते. म्हातारीची विश्रांती जाते. मुलीचे तर शिक्षणच जाते.

डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली तो कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. मात्र बागेतल्या मजूर आईला आणि घरी शिलाई करणारीला त्याचा उपयोग नाही.

म्हणून भगिनींनो, कारखान्यात पाळणाघराची मागणी करा. एकटीने नव्हे, दहाजणींनी मिळून. बागेतल्या मातांसाठीही तीच मागणी आपण लावून धरू. आणि बंधूंनो, घरी आल्यावर बाळाला तुम्ही घ्या. थोरलीला अभ्यासाला बसू द्या.