अर्ध्या इंचाचा प्रश्न

जुने यंत्र पुन्हा उभे करताना एक मोह हटकून आडवा येतो. मूळ घडणीत नसलेले काहीतरी घालून त्याला अधिक बळ द्यावे, असे वाटू लागते. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा शेव्हरोले ट्रक असाच चर्चेचा विषय झाला. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे गाड्यांच्या जोडणीचा कारखाना काढला होता व तो १९५४ पर्यंत चालला. हा ट्रक तिथूनच निघालेला, असे घरचे सांगतात. त्याचे सहा सिलिंडरचे, २१६ घनइंची इंजिन नातवाने पदरमोड करून नव्याने बांधून घेतले. ऐंशी ओलांडलेल्या आजोबांना त्यात बसून एकदा बाजारापर्यंत जायचे होते. तेव्हा फार दिवस घालवणे परवडणारे नव्हते.

अडचण एवढीच, की तापलेले इंजिन बंद केल्यावर पंधरा मिनिटांनी काही केल्या सुरू होईना. कार्बोरेटरखाली अॅल्युमिनियमचा स्पेसर बसवावा, त्याने ताकदही वाढेल, असे नातवाला कोणी सांगितले. "फादर, बसवू का?" असे त्याने विचारले. सेमिनरीच्या जीपखाली पाठ टेकून आम्ही जे काही शिकलो, त्याच्या आधारे आम्ही उत्तर शोधू लागलो.

प्रथम आम्ही दोन प्रश्न वेगळे केले. ताकदीचा प्रश्न लवकर सुटला. स्पेसरने मॅनिफोल्डमधील पोकळी वाढते; तिचा लाभ झाला तर वेगाने फिरणाऱ्या शर्यतीच्या इंजिनांना होतो. एकाच घशाच्या कार्बोरेटरवर, मंद गतीने ओझे ओढणाऱ्या इंजिनाला त्याचा उपयोग नाही.

उष्णतेचा प्रश्न मात्र खरा होता. या इंजिनात इंटेक व एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना जोडलेले असतात. थंडीत पेट्रोलची वाफ व्हावी म्हणून एक झडप धुराची ऊब कार्बोरेटरखाली वळवते व इंजिन तापल्यावर ती बाजूला सरते. एअर क्लीनर काढून आम्ही बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर बंद इंजिनाच्या घशात पेट्रोल ठिबकत होते. वाटीतले पेट्रोल उकळत होते. त्यात आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते ७८ अंशांनाच उकळते.

झडप गंजून ऊब देण्याच्या स्थितीत अडकली होती. ती मोकळी करताच निम्मा त्रास गेला. उरलेल्यासाठी स्पेसर योग्यच होता, परंतु बेकेलाइटचा. अॅल्युमिनियम उष्णता अडवत नाही, पुढे पोहोचवते. अर्ध्या इंचाचा तुकडा, लांब स्टड आणि दोन्ही बाजूंना नवे पॅकिंग घातले, कारण तेथून हवा शिरली तर मिश्रण पातळ होते. ॲक्सिलरेटरची दांडी जुळवली, बॉनेट टेकत नाही याची खात्री केली.

ताकद तसूभरही वाढली नाही. परंतु बाजारात भर दुपारी अर्धा तास उभा राहिलेला ट्रक एका खटक्यात सुरू झाला. आजोबांनी चालकाच्या शेजारून मान डोलावली. ज्यांच्या अंगणात असे वाहन आहे, त्यांनी स्पेसरवर पैसे घालण्यापूर्वी ती झडप हलते का, एवढे अवश्य पाहावे.