पाय सांभाळ रे!

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आमची पिढी कानांवर जगली. मागून मालाची ट्रॉली आली की ढकलणारा ओरडायचा, ‘पाय सांभाळ रे!’ कोण आहे आणि किती घाईत आहे, ते आवाजावरूनच कळायचं. फोर्कलिफ्टवाला दोस्त असला तर लांबूनच दोनदा हॉर्न द्यायचा. भांडण झालेलं असलं तर पाठीशी येऊन एकदाच.

आता गाडीवर माणूसच नाही. मोबाइल रोबो पाठीवर रॅक घेऊन गुपचूप येतो. खाली बसवलेला लेझर स्कॅनर पुढची जागा सतत चाचपत असतो. माणूस बाहेरच्या टापूत आला की वेग उतरतो, आतल्या टापूत आला की चाकं थांबतात.

आमच्या वेळी कायदा नव्हता असं नाही. कारखाना अधिनियम १९४८चा. पण मशीनचा गार्ड काढला की जॉब भराभर निघतात, हे नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात शिकवलं जाई. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, छातीवर बिल्ला लावून शपथ घ्यायची, घोषवाक्य स्पर्धेत स्टीलचा डबा पटकावायचा, आणि ५ मार्चला गार्ड पुन्हा कोपऱ्यात. पॉवर प्रेसवर बोट गमावलेला एखादा जुना कामगार असायचाच. नव्यांना मशीन तोच दाखवायचा. त्याच्या हाताकडे पाहिलं की वेगळं ट्रेनिंग लागत नसे. अशा दिवसांसाठी गळा काढणं शोभत नाही. तरी काढतो.

रोबोलाही सगळं दिसतं असं नाही. स्कॅनर एका पातळीत पाहतो. वरून वाकलेलं डोकं किंवा रॅकबाहेर आलेला जॉब त्याच्या नजरेतून सुटू शकतो. म्हणून रस्ते आखायचे, गाडी आणि भिंतीत माणूस चिरडू नये म्हणून अर्धा मीटर जागा सोडायची. आयएसओ ३६९१-४ या मानकात हे सारं येतं.

त्यात खंडेनवमी मात्र येत नाही. आम्ही लेथला झेंडूची माळ घालायचो, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू ठेवायचो. रोबोच्या स्कॅनरपुढे माळ लोंबली, तर तो तिलाच अडथळा समजून जागचा हलत नाही. काचेला हळदकुंकू चालत नाही. मग ते बाजूच्या पत्र्यावर, बेतानं. (पूजेत हात आखडता घ्यायचा, हे आम्हाला अजून पचलेलं नाही.)

आमचा फोर्कलिफ्टवाला साहेबांना पाहून लांबूनच ब्रेक दाबायचा आणि कंत्राटी पोराला हॉर्नवर हाकलायचा. रोबो दोघांसाठी सारखाच थांबतो. कंत्राटी पोरं त्याच्यापुढून बिनधास्त जातात. बिचकतात ते साहेबच.