स्वभावाला औषध

आमच्या आजीचे एक ठरलेले वाक्य होते : स्वभावाला औषध नाही. आजोबा चिडले की ती ते म्हणे, आत्या रुसली की म्हणे, आणि स्वतः कुणाला लागेलसे बोलून गेली म्हणजे तर हमखास म्हणे. मला हे वाक्य लहानपणापासून आवडते. त्याची सोय फार मोठी आहे. एकदा स्वभावाचे नाव घेतले की पुढचे बोलणेच खुंटते. गेल्या पावसाळ्यापर्यंत माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. त्याला तडा गेला तो एका खेळामुळे, आणि तोही आमच्याच जेवणाच्या टेबलावर.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. दर रविवारी दुपारी आमचे चिरंजीव आणि त्याचे कॉलेजमधले मित्र कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचा एक फासा घेऊन बसतात. एकजण सूत्रधार होतो. तो सांगतो, “तुम्ही जंगलातल्या एका खाणावळीत आहात. बाहेर पाऊस कोसळतोय. दार वाजलं. काय करता?” बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेले असते. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. ज्याने त्याने आपल्या पात्राच्या तोंडून बोलायचे, आणि बेत साधतो की फसतो हे फाशाने ठरवायचे. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची, एवढेच.

“म्हणजे मोठ्यांची भातुकलीच की!” मी चहा ठेवता ठेवता म्हटले. त्यावर चिरंजिवांनी मला इतिहास ऐकवला. पूर्वी प्रशियातले लष्करी अधिकारी नकाशावर सैन्ये मांडून लढाईचा खेळ खेळत. त्याच धर्तीचे खेळ पुढे अमेरिकेत हौसेने खेळले जाऊ लागले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा शौकिनांनी त्यातून १९७४ साली हा नवा खेळ काढला. एका खोक्यात तीन पुस्तिका, आणि पहिल्या खेपेला प्रती अवघ्या १०००. नवे काय होते, तर खेळाडूने सबंध सैन्य न हलवता एकच माणूस व्हायचे. मला हे पटले. सैन्य हलवणे सोपे असते. एक माणूस होणे अवघड.

पुढे त्यांच्यातला एकजण शिकायला परगावी गेला आणि एक जागा रिकामी झाली. ती मी मागितली. खरे कारण सांगते. बारावीनंतर चिरंजिवांचे माझ्याशी संभाषण “जेवलास?” आणि “हो” एवढ्यावर येऊन ठेपले होते. टेबलाशी मात्र तो तीन तीन तास बोलत असे. आईशी नाही, तर निदान एखाद्या म्हाताऱ्या मांत्रिकिणीशी तरी बोलेल, असा माझा हिशेब.

पात्राची माहिती भरायला एक छापील तक्ता असतो. त्यात बळ, चपळाई, अक्कल यांचे आकडे असतात, आणि स्वभावाचेही रकाने असतात. त्यातला एक रकाना चक्क दोषाचा! मी माझ्या म्हातारीच्या दोषाच्या रकान्यात लिहिले, ‘स्पष्टवक्तेपणा’. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवार “माझा दोष म्हणजे मी फार काम करतो” असे सांगतात ना, त्यातलाच हा प्रकार.

दोनचार रविवारांतच सोबत्यांच्या पात्रांचे स्वभाव मला कळून चुकले. आमचा योद्धा संभाषणाचा वैरी. समोरचा पहारेकरी “राम राम” म्हणायला तोंड उघडतो न उघडतो तोच हा तलवार उपसतो. दुसरा एक तिरंदाज. तो एकलकोंडा. खाणावळीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात डोक्यावरून घोंगडी ओढून बसायचे आणि कुणी बोलावले तर “मी एकटाच बरा” म्हणायचे, हा त्याचा बाणा. मग आम्ही अर्धा अर्धा तास त्याची मनधरणी करायची. लग्नात रुसलेल्या जावयाचीसुद्धा कुणी इतकी करीत नसेल! आणि आमचा चोर! तो शत्रूच्या खजिन्याकडे ढुंकून बघत नाही, रात्री आमच्याच थैल्या कापतो. त्याला जाब विचारला की तो खांदे उडवतो. “मी काय करू? माझं पात्रच तसं आहे!”

हे ऐकले आणि मला आजीच आठवली.

माझे आजोळ सावंतवाडीकडचे. लहानपणी तिकडे जत्रेत दशावतार पाहिलेले आहेत. देवळासमोर रात्रभर खेळ चाले. पखवाज, झांज आणि पेटी. देखावा म्हणाल तर एक बाकडे. तेच सिंहासन, तोच पर्वत. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी कथानक ठरते, कोण कोण होणार ते ठरते, आणि मग रंगमंचावर उभे राहून ज्याने त्याने संवाद जुळवायचे. मामा म्हणायचा, “चांगलो नट कोणतो? जो फुडच्याक बोलूक जागा ठेवता तो.” नट बोलता बोलता शेवटी असा काही सवाल टाकी, की समोरच्याला उत्तर देण्यावाचून गत्यंतर नसे. आणि एखादा राजा आपल्याच भाषणावर खूष होऊन बोलत सुटला, की प्रधान बिचारा भाला टेकून उभाच. तेवढ्यात मागची मंडळी चहाला उठत.

ही दशावताराची गोष्ट मी टेबलावर मोठ्या थाटात सांगितली. तिरंदाज ओशाळला, चोराने दोन मोहरा परत केल्या. मी स्वतःवर प्रसन्न होते.

आमच्यात एक शाहीरही होता. तो चालवणारा मुलगा मराठवाड्यातल्या एका खेड्यातून शिकायला आलेला. अबोल, पण बोलला की गोष्टीत जीव येई. एका रविवारी आमची टोळी दुष्काळी गावात पोचली. पाटलाकडून विहीर खुली करून घ्यायची होती. शाहीर पुढे झाला. “पाटील, पानी मागायला आलेला मानूस—”

“पाणी. माणूस,” मी म्हणाले.

सगळे हसले. तोही हसला. त्याने पुन्हा सुरुवात केली. “गावात कोनी—” “कोणी,” मी म्हणाले. तिसऱ्या खेपेला त्याने हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाला, “काकू, तुम्हीच बोला ना.” मी हा त्याचा विनय समजले आणि बोलले. चांगली दहा मिनिटे बोलले.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

रात्री कपबशा विसळताना चिरंजीव म्हणाले, “तो आता यायचा नाही, आई.”

“का रे?”

“तुला खरंच कळलं नाही?”

“अरे, माझी म्हातारी शिस्तीची आहे. मी पात्राला धरूनच बोलले.”

“चोरसुद्धा हेच म्हणतो,” तो म्हणाला, आणि कपाट लावून निघून गेला.

मी वीस वर्षे मराठी शिकवते. प्रमाणभाषा ही इतर बोलींहून श्रेष्ठ नसते, तीही एक बोलीच, हे दरवर्षी वर्गात सांगते. परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्न घालते आणि उत्तरे तपासते. स्वतःच्या टेबलावर मात्र मला त्यात पाचांपैकी एकही गुण मिळाला नसता. आणि मला खरे झोंबले ते असे, की म्हातारीचा स्वभाव मी मुद्दाम निवडलेला नव्हता. तो माझ्या अंगावरचाच उतरवून मी तिला नेसवला होता. आजवर घरात, वर्गात, नातेवाइकांत मी किती जणांना अर्ध्या वाक्यात अडवले असेल, आणि त्यांतल्या किती जणांनी कागद खाली ठेवला असेल! “जेवलास?” आणि “हो” एवढ्यावर संभाषण का आले, याचे उत्तर बहुधा मला त्या कपबशांपाशीच मिळाले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी फोन केला. माझे चुकले, असे सांगितले. “नाही काकू, तसं काही नाही,” तो म्हणाला. सुसंस्कृत मुले ‘तसेच आहे’ हे अशाच शब्दांत सांगतात. पण दोन आठवड्यांनी तो आला.

त्याआधी मी सूत्रधाराला गाठून एक विनंती केली होती. खेळ सुरू होताच एका चेटकिणीच्या शापाने म्हातारीची वाचा गेली. सबंध दुपार मी नुसत्या खाणाखुणा करायच्या आणि शाहिराने माझ्या वतीने बोलायचे. पहिली काही वाक्ये तो माझ्या तोंडाकडे बघत बघत बोलला. मग बघेनासा झाला. पाटलापुढे त्याने टँकरच्या दिवसाची गोष्ट लावली. पहाटेपासून लागलेली हंड्यांची रांग, घरामागे दोन हंडे, आणि तिसरा मागणाऱ्या म्हातारीला कुणी काय म्हणाले ते. ही गोष्ट त्या पुस्तिकांतली नव्हती. सूत्रधार फासा टाकायचा विसरला. योद्ध्याची तलवार म्यानातच राहिली. शेवटी शाहीर थांबला आणि म्हणाला, “आता सांगा पाटील, तुमच्या दारात कोन येऊन रडावं म्हंजे विहीर उघडंल?” समोरच्याला त्याने जागा ठेवली होती. मामा असता तर त्याला शाबासकी मिळाली असती.

त्याचे ‘न’ आणि ‘ण’ मी मोजले नाहीत असे म्हणणार नाही. सवय आहे. पण एकही शब्द बोलले नाही, आणि ते किती कठीण गेले हे माझे मला ठाऊक. आजीचे वाक्य अगदीच खोटे नसावे. औषध नाही, पण पथ्य आहे. ते रोज पाळावे लागते, आणि कुपथ्य झाले तर दुखणे उलटते.

खेळ संपल्यावर चिरंजीव म्हणाले, “पुढच्या रविवारी तुझी वाचा परत येईल हं.” त्यावर मी त्याला विचारले, “तुला काय वाटतं, यावी का?” तो बराच वेळ हसला. मग बसला, आणि आम्ही जेवणवेळ होईपर्यंत बोलत राहिलो. बहुतेक तोच बोलला.

तो तक्ता पेन्सिलीने भरायचा असतो, कारण त्यातले आकडे दर खेळात बदलतात. झोपण्यापूर्वी मी खोडरबर घेतला, दोषाच्या रकान्यातला ‘स्पष्टवक्तेपणा’ पुसला आणि तिथे लिहिले : दुसऱ्याचे वाक्य पुरे होऊ देत नाही.